माणसं धरून साडेपाचशे किलो

फ्रिज घेऊन आम्हाला इतकी वर्षं झाली, पण त्याचा एकही किस्सा मला सांगता येणार नाही. गाडीचं तसं नाही. ती दर फेरीला बाहेर जाते आणि एक तरी किस्सा घेऊन परत येते. सोसायटीत चार बायका बसल्या की कुणीतरी म्हणतं, "शोभाताई, ते काट्याचं सांगा ना," आणि एक सांगितला की त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो. ऐकणाऱ्यांची घरी जायची वेळ होते, माझे संपत नाहीत.

आमचे हे नागापूरच्या एमआयडीसीत कंपनीत आहेत. मनात पुष्कळ दिवस होती ती मोठी गाडी त्यांनी गेल्या दसऱ्याला घेतली. सात सीटर. सावेडीतल्या आमच्या पार्किंगमध्ये ती कशीबशी मावते. पण तिच्यात काय काय मावतं याला पुढे काही धरबंध राहिला नाही. हसण्यावारी नेण्यासारखं पुष्कळ झालं. एक काळजी मात्र खरी होती. आमची पल्लवी नारायणगावला दिलेली आहे. तिचं पहिलं बाळंतपण माहेरी करायचं होतं, आणि सातव्यात तिला आणे घाटातून ह्याच गाडीत घरी आणायचं होतं. तोवर आम्ही शहाणं होणं भाग होतं.

ते कसे झालो, हे सांगते.

*

गाडी आली आणि पहिला मान देवीचा म्हणून आम्ही मोहटादेवीला निघालो. आम्ही दोघं, सासूबाई, आणि माझ्या नणंदबाई, म्हणजे वन्सं, त्यांच्या घरची मंडळी घेऊन. सात मोठी माणसं बसली, दारं लागली. मग वन्संची नातवंडं पळत आली.

हे म्हणाले, "ताई, गाडी सात सीटर आहे."

वन्संच्या आधी सासूबाईच बोलल्या. "सातच हायेत की. लेकरं कशाला मोजतो? मांडीवरच्या लेकराला एसटीतसुदिक तिकीट नसतंय."

सगळी मांडीवर बसली. त्यातलं एक मांडीवरचं लेकरू सहावीत होतं. त्याची उंची अशी की त्याच्या खाली वन्सं आहेत हे फक्त आवाजावरून कळत होतं.

सपाट रस्त्यावर काही जाणवलं नाही. देवीच्या चढाला मात्र गाडी पहिल्या गिअरवर आली, रडल्यासारखा आवाज करायला लागली आणि थोड्या वेळानं आत एक करपल्यासारखा वास पसरला. सासूबाईंनी लगेच हात जोडले.

"आला बघा धुपाचा वास. देवी जवळ आली."

ह्यांनी गाडी कडेला घेतली. "आई, हा धूप नाही. क्लच जळतोय."

सासूबाईंनी डोळे उघडले नाहीत. "असू दे. तिला पोचला."

उरलेला चढ आम्ही निम्मे लोक पायी चढलो.

*

माझा थोरला भाऊ, दादा, श्रीगोंद्याच्या पुढं एका गावात असतो. ऊस आहे, लिंबाची बाग आहे. तरुणपणी तालमीत होता. तालीम सुटली, अंग तसंच राहिलं. त्याच्या घरची एक रीत आहे: पाहुण्याचं वाहन दारातून रिकामं जाऊ द्यायचं नाही. आणि रिकामं म्हणजे काय, तर आत हाताचा पंजा सरकेल एवढी जरी फट दिसली तरी ते वाहन दादाच्या लेखी रिकामं.

पूर्वी आम्ही स्कूटरवर जायचो तेव्हा पिशवीभर लिंबांवर भागायचं. भाऊबीजेला आमच्याकडे आलेल्या वन्संना आणि सासूबाईंना घेऊन आम्ही पहिल्यांदा ही गाडी दादाकडे नेली. दादानं मागचं दार उघडून आत नुसतं पाहिलं, आणि त्याचा चेहरा असा उजळला की मला माझ्या ओवाळणीचं विसरायलाच झालं.

बाजरीची दोन पोती आली. गव्हाचं एक. लिंबांच्या गोण्या. डांगर भोपळे. मागची सीट दुमडूनही जागा संपली तेव्हा वरच्या कॅरिअरवर उसाची मोळी चढली.

मी म्हटलं, "दादा, बस झालं रे."

"गाडी म्हनली का बस झालं म्हनून?"

"गाडी कशी म्हणेल?"

"मग तू कशाला मधी बोलती?"

पल्लवीही जावयांबरोबर मामाकडे आली होती. गोड बातमी नुकतीच कळली होती. परत निघताना आम्ही पुढे आणि ती दोघं त्यांच्या छोट्या गाडीत आमच्या मागे. दिवेलागण झाली, तशी समोरून येणारी प्रत्येक गाडी आम्हाला डिपर मारायला लागली. ट्रकवाले, टेम्पोवाले, मोटरसायकलवालेसुद्धा.

हे म्हणाले, "आज सगळ्या रस्त्याला आपली ओळख निघाली का काय?"

वन्सं मागून म्हणाल्या, "नवी गाडी आहे. लोक बघतात."

घरी आल्यावर मी सगळ्यांना चहा केला. आमचे जावई सागरराव बोलायला अगदी मऊ आहेत. त्यांनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "आई, मी श्रीगोंद्यापासून तुमच्या मागे होतो. तुमची गाडी मागून बसली होती आणि तोंड वर झालं होतं. दिवे रस्त्यावर पडतच नव्हते, समोरच्याच्या डोळ्यात जात होते. वळणावर वरचा ऊस एकीकडे गेला की गाडीही तिकडे जायची. पल्लवीला न्यायला जरूर या. पण गाडी अशी भरून येणार असाल तर मी तिला त्यात बसवणार नाही. रागावू नका."

कुणी रागावलं नाही. रागवायला तोंड नव्हतं. पल्लवी मान खाली घालून बशीकडे बघत होती. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार नाही, आणि कशामुळे, तर बाजरीमुळे?

तिचे बाबा एवढंच म्हणाले, "गाडी काही बोलली नाही हो."

सागरराव म्हणाले, "बोलत होती बाबा. मागून ऐकू येत होतं."

*

त्या आठवड्यात ह्यांनी गाडीबरोबर आलेलं पुस्तक पहिल्यांदा उघडलं. तोवर ते प्लास्टिकच्या पिशवीतच होतं. जेवणाच्या ताटावर बसून त्यांनी आम्हाला समजावलं. रिकाम्या गाडीचं एक वजन असतं. भरून जास्तीत जास्त किती व्हावं, त्याचं एक असतं. एकातून दुसरं वजा केलं की उरतं तेवढंच आपलं. आमच्या गाडीला ते साधारण साडेपाचशे किलो निघालं.

सासूबाई खूश झाल्या. "साडेपाचशे? मग दादानं कमीच दिलं की."

"माणसं धरून, आई."

"म्हंजे?"

"म्हणजे तू, मी, ही, ताई, सगळे त्यातच. वरचं कॅरिअर, त्याच्यावरचं ओझं, तेही त्यातच. सात मोठी माणसं बसली की सामानाला उरतं ते जेमतेम एका पोत्याइतकं."

घास हातात ठेवून सासूबाई विचार करत राहिल्या. आमच्या घरात आजवर माणसं वेगळी आणि सामान वेगळं, असाच हिशेब होता. माणसाला कुणी ओझं म्हणत नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "म्हंजे मी पोत्यात जमा?"

"गाडीच्या दृष्टीनं."

"गाडीची दृष्ट काढ एकदा," म्हणाल्या आणि जेवायला लागल्या.

*

मग प्रत्येकाचं वजन काढायचं ठरलं. पल्लवीच्या वेळचा अंदाज आधीच बांधून ठेवू, असं ह्यांचं म्हणणं. शेजारून वजनाचा काटा आणला. ह्यांचं झालं, माझं झालं. सासूबाई त्यावर चढल्या, आकडा बघितला आणि "लुगड्याचं वजा कर" म्हणाल्या.

वन्सं काही केल्या चढेनात. आज उपास आहे, आज पाय दुखतो, आज काटा जमिनीवर नीट बसलेला नाही. हे फोनवर विचारायला लागले, "ताई, नुसता आकडा सांग. कुणाला सांगणार नाही."

"कुठला सांगू? लग्नातला का आत्ताचा?"

"आत्ताचा लागेल ना ताई. गाडी आत्ताची आहे."

वन्संनी फोन ठेवला. मग ह्यांनी त्यांच्या नावापुढे स्वतःच एक आकडा धरला. वन्संना तो कुठूनतरी कळला आणि त्या तडक घरी आल्या. पर्स बाजूला ठेवली, चपला काढल्या, बांगड्या काढल्या आणि काट्यावर चढल्या. आकडा ह्यांनी धरलेल्यापेक्षा चांगला आठ किलो कमी निघाला.

वन्सं खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "हे आठ माझे आहेत. माझ्या नावावर एक पिशवी जास्त न्यायची."

*

आता काट्याचा किस्सा, जो सगळ्यांना हवा असतो.

संक्रांतीच्या सुमारास आम्ही दोघं, सासूबाई आणि वन्सं पुन्हा दादाकडे गेलो. मी जाताना ठरवून गेले होते की ह्या वेळी स्पष्ट बोलायचं. बोलले. जावई काय म्हणाले तेही सांगितलं. दादाला ते लागलं. त्याला वाटलं, बहीण गाडीवाली झाली, आता तिला भावाची बाजरी जड झाली.

"शोभे, एवढ्याशानं गाडी वाकती व्हय? पुस्तकात काय बी लिवत्यात. आपन काट्यावर बघू."

उसाचा हंगाम चालू होता. गावाबाहेर एक खासगी वजनकाटा आहे. दादानं भाऊबीजेला भरली होती तशीच गाडी भरली, मोजून मापून, उसाच्या मोळीसकट. दादा धरून आम्ही पाच जण बसलो. काट्यावर गाडी चढली, आणि चढल्याबरोबर दादा म्हणाला, "चला, उतरा सगळी."

हे म्हणाले, "उतरायचं कशाला?"

"काट्यावर मानसं न्हाई घेत, दाजी. उसाच्या ट्रॉलीचं वजन करताना मजूर वर बसवत्यात व्हय?"

आणि गंमत अशी की आम्ही सगळे उतरलो. हेसुद्धा. आयुष्यभर काटा बघितला तो उसाचा. त्यावर उभं राहायचं नसतं हे आमच्या अंगात इतकं मुरलेलं की पुस्तक वाचलेला माणूसही शहाण्यासारखा खाली जाऊन उभा राहिला. वजन आलं. हिशेबात बसत होतं. दादानं विजयी मुद्रेनं माझ्याकडे पाहिलं.

"बघ. उगं जावयाचं ऐकती."

सासूबाई बाजूला ओढ्याकडे तोंड करून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "घरी बी असंच जायचं का? गाडी पुढं आन आमी मागनं चालत?"

तेव्हा कुठं सगळ्यांच्या डोक्यात उजेड पडला. पुन्हा चढलो. दादाही चढला, आणि तो चढला तेव्हा गाडीनं जो आवाज केला तो ह्या वेळी मीसुद्धा ऐकला. नवा आकडा आला. गाडीच्या मर्यादेच्या चांगलाच वर गेला होता.

दादानं आकडा पाहिला, काटेवाल्याकडे पाहिलं, परत आकडा पाहिला.

"ह्यो काटा मारतोय."

काटेवाला म्हणाला, "काका, काटा मारतात ते वजन कमी दाखवतात."

दादा गाडीतून उतरला. धोतराचा सोगा झटकला. "जल्माचा ऊस घातला, कवा येका काट्यानं किलोभर जास्त दावला न्हाई," तो म्हणाला. "आन आज दावला, तो माज्या भनीच्या गाडीला."

पण त्याच हातानं त्यानं उसाची मोळी सोडली. बाजरीचं एक पोतं उतरवलं. मग दुसरं. माझ्याशी बोलला नाही, पण निघताना लिंबांची एक पिशवी माझ्या मांडीवर ठेवली, स्कूटरवर न्यायचो तेवढीच.

*

एक अगदी छोटा. नारायणगावला जायच्या आधी आम्ही पंपावर हवा भरायला थांबलो. गाडी भरलेली असली की मागच्या चाकांना नेहमीपेक्षा थोडी जास्त हवा लागते, नाहीतर टायर दबतं आणि तापतं, असं हे हवा भरणाऱ्याला समजावत होते. सासूबाईंनी काच खाली केली.

"बाबा, हवा कमीच भर. तेवढंच वजन कमी."

*

फाल्गुन लागला. पल्लवीला सातवा. जायचा दिवस जवळ आला आणि आम्ही आळेफाट्यावरून जाणार हे सोसायटीभर झालं. खालच्या मजल्यावरचे काका आले.

"वहिनी, जाताना गाडी रिकामीच आहे ना?"

"रिकामी कुठे? पाच माणसं आहोत."

"म्हणजे रिकामीच. माझ्या मेव्हण्याला घरगुती पिठाची गिरणी पाठवायची आहे. फाट्यावर तो उभा राहील. नुसती उतरवून घ्यायची."

आजवर मी कुणाला नाही म्हटलेलं नाही. ह्यांच्याकडे बघितलं तर हे पेपरात. सागररावांचा कप खाली ठेवतानाचा चेहरा माझ्या डोळ्यासमोर आला. मी म्हटलं, "काका, नाही जमायचं. गिरणी आमच्या हिशेबात बसत नाही."

"बसवायची नाहीच वहिनी. उभी ठेवायची."

तरीही मी नाहीच म्हटलं. काका गेल्यावर हे पेपराआडून म्हणाले, "छान बोललीस." पेपर उलटा नव्हता, पण पान कालचं होतं.

*

आणि हा शेवटचा.

नारायणगावला आम्ही पाच जण गेलो. आम्ही दोघं, सासूबाई, वन्सं, आणि मामाचा मान म्हणून दादा. काट्यानंतर तो आमच्याकडे आलाच नव्हता. मी स्वतः फोन करून बोलावलं तेव्हा "येतो" एवढंच म्हणाला. कॅरिअर काढून घरी ठेवलेलं. येताना पल्लवी आणि तिच्या दोन बॅगा, एवढं धरून ह्यांनी हिशेब केला होता. त्याच्यावर आणखी फारसं वजन घालता येणार नव्हतं.

ओटी भरली, जेवणं झाली. सागररावांनी बॅगा बाहेर आणल्या, पण गाडीत ठेवल्या नाहीत. पायरीशी ठेवून उभे राहिले. तेवढ्यात विहीणबाईंनी आतून गडी बोलावला आणि तांदळाची दोन पोती पायरीवर आणून ठेवली. घरच्या शेतातला तांदूळ, खास पल्लवीच्या बाळंतपणासाठी राखलेला. पोत्यांना हळदकुंकू लावलेलं.

"पेज करून घाला तिला," त्या म्हणाल्या. "विकतचा नको. माझ्या सुनेला माझ्या घरचा तांदूळ पाहिजे."

काकांच्या गिरणीला नाही म्हणता आलं. हळदकुंकू लावलेल्या तांदळाला कोण नाही म्हणेल? आणि तेही विहीणबाईंच्या दारात? मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे मागच्या टायरकडे बघत होते. सागररावही टायरकडेच बघत होते. पल्लवी दारात उभी होती, एक हात पोटावर, आणि आई जावयाची बाजू घेते का विहीणबाईंची, ह्याची वाट बघत होती. विहीणबाईंचा चेहरा हळूहळू उतरायला लागला.

दादा मधल्या सीटवर आधीच जाऊन बसला होता. त्यानं दार उघडलं. एक पाय खाली टाकला, दुसरा टाकला, आणि गाडी बोटभर वर आली.

"दाजी," तो म्हणाला, "माजं वजन काडा आन तांदूळ घाला."

मी म्हटलं, "दादा, असं काय करतोस? तू कसा येशील?"

"एसटी हाय की. तांदळाला कंडक्टर लगेज लावतोय. मला कुटं लावतोय?"

विहीणबाई म्हणाल्या, "अहो मामा, असं कसं? तुम्ही पाहुणे."

"पाव्हना बसून जातोय कुटं बी. ह्यो तांदूळ पोरीच्या हक्काचा हाय. गाडी रिकामी जाऊ द्यायची नसती, ताई. आन भरून बी जाऊ द्यायची नसती. आमी काट्यावर बघितलंय."

वन्सं मागून उठून मधल्या सीटवर आल्या. मागची सीट दुमडली, पोती खाली सपाट ठेवली, मधल्या सीटला अगदी टेकवून. सागरराव गाडीच्या मागे गेले. गुडघ्यावर बसून टायर पाहिलं, हातानं दाबलं, उभे राहून गाडीकडे लांबून पाहिलं. मग पल्लवीच्या बॅगा स्वतः आत ठेवल्या, आणि तिचा हात धरून तिला खिडकीशी बसवलं.

आणे घाटात हे इतके सावकाश चालवत होते की सासूबाईंनी दोनदा विचारलं, थांबलो का आपण. पल्लवी माझ्या खांद्यावर झोपली होती. निम्म्या घाटात मागून हॉर्न वाजवत एसटी आली आणि आम्हाला ओलांडून गेली. शेवटच्या खिडकीतून एक दांडगा हात बाहेर आला आणि हलत हलत वळणाआड गेला.

घाट संपून सपाटी लागली तेव्हा माझा फोन वाजला. पल्लवी जागी होऊ नये म्हणून मी हळूच उचलला.

"शोभे, मी पुढं ढोकेश्वरला उतरलोय. पोरगी बरी हाय का?"

"झोपलीये. तू का उतरलास रे मध्येच?"

"तुमी इकडूनच जानार ना? माजी जागा रिकामी हाय का अजून?"

मला वाटलं, भाऊ आमच्यासाठी एसटी सोडून रस्त्यात वाट बघत थांबलाय. मी म्हटलं, "दादा, तुझ्या जागेवर वन्सं बसल्यात. आणि वन्संच्या जागेवर तांदूळ."

"मग ऱ्हाऊ दे," दादा म्हणाला. "हितं कलिंगडं लई झ्याक आल्यात, म्हनून इचारलं."